पहिलं जुनं ओमेगा: शाहूपुरीतलं डागाळलेलं की मुंबईचं चकचकीत?

शिरगावकर_सीएनसी

नमस्कार मंडळी.

गोकुळ शिरगावात आमचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या मशीनचा शेवटचा हप्ता फिटला आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: स्वतःसाठी एक जुनं, चांगलं स्विस घड्याळ. शोरूममधलं नवीन नको. साठच्या दशकातलं, रोज वापरता येईल असं. सर्व्हिसिंग धरून सव्वा लाखापर्यंत जाईन. त्याच्यापुढं गेलो तर घरात कोर्ट बसेल.

सध्या दोन घड्याळं डोळ्यांसमोर आहेत.

एक मुंबईच्या विक्रेत्याकडं, ऑनलाइन. ओमेगा सीमास्टर, ऑटोमॅटिक, निळी डायल, ‘मिंट कंडिशन’. फोटोत एक ओरखडा दिसत नाही. ९५ हजार, कुरियर फुकट, ‘परत घेणार नाही’ असं बारीक अक्षरात लिहिलंय.

दुसरं इथंच, शाहूपुरीत. गुळाच्या अडतीवरचे एक शेठ वारले, घड्याळ आता मुलाकडं आहे. हेही ओमेगा सीमास्टरच, पण चावीचं, तारीख नाही, स्टीलची केस. डायल मूळची पांढरी असावी, आता सायीच्या रंगावर गेलीय. ४ आणि ५ च्या मध्ये तपकिरी डाग आहे. काच चिरलीय. चावी दिली की चालतं, पण रात्रीत कधीतरी बंद पडतं. बिल नाही, डबी नाही. ८० हजार म्हणतोय.

माझं मन निळ्यावर आहे, खरं सांगायचं तर. पण इतके पैसे घालायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हटलं. यातलं मला काहीही कळत नाही असं समजूनच सांगा.

तालमीतला

सव्वा लाखात जुनं घड्याळ? भावा, त्यात म्हैस येती की. वेळ पण सांगती, दोन्ही टायमाला धारेला हंबरती. आन चावी द्यायला लागत नाही.

चावी_रोज_सकाळी

तालमीतला, म्हशीला सर्व्हिसिंग जास्त लागतं.

शिरगावकर, आधी निळ्याचं बोलू. साठ वर्षांचं घड्याळ, आपल्याकडचा पावसाळा आणि डायलवर डाग नाही? माझा पहिला संशय डायल रंगवल्याचाच. पण फोटो न बघता कुणाच्या मालाला नावं ठेवू नयेत. फोटो मागवा, आणि असे बघा.

सहाच्या खाली ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरं आहेत का, सरळ आहेत का, कडेला कापली तर गेली नाहीत ना. रंगवणाऱ्याचा हात पहिल्यांदा तिथंच चुकतो. मग मिनिटांच्या रेघा बघा: दर पाचवी रेघ तासाच्या ठोकळ्याच्या बरोबर मध्याशी यायला हवी. ‘सीमास्टर’ या अक्षरांच्या कडा भिंगाखाली धारदार दिसल्या पाहिजेत, शाई फुटल्यासारखी दिसली तर डायल नंतर छापलेली. काट्यांतला रेडियमचा मसाला पिवळा आणि डायलवरचा पांढराशुभ्र असेल, तर त्या दोघांची गाठ कुठल्या तरी टेबलावर पडलेली आहे.

आता आतलं. झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. नाही म्हणाला तर व्यवहार तिथंच संपला. त्या काळातलं ओमेगाचं मशीन तांबूस रंगाचं असतं, त्याच्यावर कॅलिबरचा (म्हणजे मशीनच्या मॉडेलचा) नंबर आणि सिरियल नंबर कोरलेला असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला केसचा नंबर असतो. १९६२ च्या आसपासपासून ओमेगानं या नंबरांना शिस्त लावली. १३५ नं सुरू होणारा म्हणजे पुरुषांचं, चावीचं, तारीख नसलेलं. १३६ म्हणजे चावीचं पण तारखेचं. १६५ ऑटोमॅटिक, १६६ ऑटोमॅटिक आणि तारीख. केस एक सांगते आणि मशीन दुसरं, असं असेल तर घड्याळ दोन-तीन मयतांचं मिळून बनलंय.

परदेशातले संग्राहक असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ऐकून वाईट वाटतं, पण नाव उगीच पडलेलं नाही.

गुजरी_कट्टा

स्टील घेताय ते बरं करताय. आमच्याकडं गुजरीत, सराफ बाजारात, महिन्याला एखादा तरी येतो, ‘आजोबांचं सोन्याचं घड्याळ’ घेऊन. दहात आठ वेळा मुलामा असतो. झाकणावर ‘प्लॅके’ आणि २० मायक्रॉन असलं काही लिहिलेलं असतं, आणि पट्टा अडकतो त्या कानांवर आतलं पितळ दिसायला लागलेलं असतं. भरीव १८ कॅरट स्विस केस असेल तर ०.७५० चा आकडा आणि जुन्या मालावर बाईच्या डोक्याचा बारीक शिक्का सापडतो. तो हेल्वेशियाचा शिक्का १९९५ पर्यंत मारत होते. तरीही कसाला लावल्याशिवाय बोलू नये. आणि मशीन आत असताना केस वितळवायची भाषा करणाऱ्या सराफाकडं तर जाऊच नये, मी स्वतः सराफ असून सांगतो.

जनता_आणि_पायलट

एचएमटी घ्या. १९६१ साली सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला सुरुवात, २०१६ ला कारभार बंद, म्हणजे ‘व्हिंटेज’ची अट पुरी. चावीचं आहे, कुणीही दुरुस्त करतं, हरवलं तर रडू येत नाही. उरलेल्या एक लाख वीस हजारांत तालमीतल्याची म्हैस.

शिरगावकर_सीएनसी

जनता, वडिलांचं एचएमटी आहे घरात, रोज तेच वापरतो. आता जरा चैन करायचीय हो!

मिरजेची_माई

चावी_रोज_सकाळी यांचं तांत्रिक सगळं बरोबर आहे. पण ‘मयतांचं मिळून’ आणि ‘मुंबई स्पेशल’ हे जरा टोचलं म्हणून लिहितेय.

माझे वडील मिरजेत घड्याळं दुरुस्त करायचे. पावसाळा संपला की डायल घेऊन माणसं यायची. आत दमट हवा गेलेली, लाखेचा थर फुगलेला, आकडे गेलेले. गिऱ्हाईक शेतकरी असायचं, मास्तर असायचे, रेल्वेतले असायचे. त्यांना वेळ वाचता यायला हवी होती आणि लग्नसराईत हातात नवं दिसायला हवं होतं. वडील विचारायचे, ‘डायल रंगवून आणू का?’ आणि गिऱ्हाईक आनंदानं हो म्हणायचं. डायल काढून, कागदात गुंडाळून, ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला जायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत यायची. त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. परदेशी घड्याळांची आयात जवळपास बंद होती, कंपनीची नवी डायल आणायची कुठून? सुटा भाग मिळाला नाही तर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधला घालायचा, हीच दुरुस्ती होती. वडिलांच्या खणात चाकं, दांडे, बालकमानी (केसासारख्या बारीक स्प्रिंगा) वेगवेगळ्या पुड्यांत असायच्या, वर पेन्सिलीनं मशीनचं नाव.

आज संग्राहकांना सगळं जसंच्या तसं हवं आहे, तो त्यांचा हक्क. पण ज्या देशात घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिलं तिथं ते रंगवलंही जाणारच. कपाटात बंद ठेवलेलं तेवढं कोरं राहतं.

चावी_रोज_सकाळी

माई, मान्य. शब्द मागे घेतो. वडिलांच्या पिढीच्या कारागिरांमुळंच ही घड्याळं आज हातात येतात.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. रंगवलेली डायल रंगवलेली म्हणून विकली, त्या हिशेबानं भाव लावला, तर माझी काही तक्रार नाही. ‘मिंट, ओरिजिनल’ म्हणून ९५ हजार मागणं म्हणजे माईंच्या वडिलांच्या कामाचा मोबदला दुसऱ्यानंच खाणं.

झुरिचचा_पावणा

मूळचा राजारामपुरीचा, सध्या झुरिचला. इथल्या आठवडी जुन्या बाजारातही तीच दृश्यं असतात, फक्त भाव फ्रँकमध्ये.

फसवणूक फक्त आपल्याकडंच होते असं कुणाला वाटत असेल तर हे वाचा. २०२१ साली जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३० लाख फ्रँकच्या वर गेलं. १९५७ चं पहिलं मॉडेल, डायल उन्हानं तपकिरी पडलेली. आणि घेतलं कुणी? खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते निरनिराळे भाग जुळवून उभं केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच काही जुन्या माणसांचा हात असल्याचं कंपनीनं सांगितलं. तेव्हा चोर बाजाराला एकट्याला बोल लावू नका.

अवांतर: जेजर-लकुल्त्रचं रिव्हर्सो माहीत असेल. डायल आत वळवता येते ते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काचा पोलो खेळताना फुटायच्या, त्यावर उपाय म्हणून १९३१ मध्ये ते आलं. म्हणजे या छंदाचं आपल्याशी नातं जुनं आहे. फावर-ल्युबाचं तर विचारूच नका, ते लोक १८६५ पासून मुंबईत माल विकत होते.

पेठेतला_बारका

पोलोचं माहीत नाही, पण शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला हे असलं घड्याळ घालून जाऊ नका. काच फुटायला चेंडू लागतोच असं नाही. 😄

सासऱ्यांचं_सी_किंग

झुरिचच्या पावण्यानं विषय काढलाच आहे तर. पहिलं घड्याळ फावर-ल्युबा का नको? आमच्या आधीच्या पिढीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ हे लग्नातले तीन मान. त्यातलं घड्याळ निम्म्या घरांत हेच. सी चीफ, सी किंग अजून कपाटांत पडलेली आहेत. ओमेगाच्या पाव किमतीत चांगलं मिळतं, कारागिरांच्या ओळखीचं मशीन, आणि डायल ओळखायची नजर त्याच्यावर तयार होते. हात बसला की ओमेगा. ब्रँड आधी टाटांच्या टायटनकडं होता, २०२३ ला घड्याळं विकणाऱ्या इथोसवाल्यांनी घेतला, आता नवीन मॉडेलं पण निघतायत.

गुजरी_कट्टा

पण धाग्याचा विषय चैनीचं घड्याळ आहे. ‘आधी साधं घ्या, मग भारी घ्या’ म्हणणाऱ्यांच्या घरात शेवटी सहा साधी आणि शून्य भारी असतात. आमच्या धंद्यात पण असंच आहे, पातळ पातळ साखळ्या घेत बसतात.

सासऱ्यांचं_सी_किंग

माझ्याकडं नऊ आहेत. कुणी सांगितलं तुम्हाला? 🤐

उद्यमनगरी

शिरगावकर, तुमच्या धंद्यामुळं एक महत्त्वाची गोष्ट कुणी बोलली नाही. चुंबक.

तुमच्या शेडमध्ये सरफेस ग्राइंडर असेल तर मॅग्नेटिक चक असणारच. शिवाय मॅग्नेटिक स्टँड, मोटारी, वेल्डिंगच्या केबली. जुन्या घड्याळाच्या बालकमानीला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसात कित्येक मिनिटं पुढं पळतं. माणूस घाबरून सर्व्हिसिंगला देतो, तिथं नको असताना सगळं खोललं जातं. खरं तर डीमॅग्नेटायझरवरून दोनदा फिरवलं की काम झालं. तुमच्याकडं टूल डीमॅग्नेटाइझ करायचं यंत्र असलं तर ते घड्याळाला लावू नका, त्याची ताकद जास्त असते. घड्याळासाठीचं छोटं वेगळं मिळतं. शंका आली तर घड्याळ होकायंत्राजवळ धरून हळूहळू फिरवा, सुई हलली तर लागलंय.

कंपन्यांनाही हा त्रास माहीत होता. आयडब्ल्यूसीचं इंजेनियर १९५५ चं, रोलेक्सचं मिलगॉस त्याच्याच मागोमाग, ओमेगाचं रेलमास्टर १९५७ चं. तिन्ही चुंबकाजवळ काम करणाऱ्यांसाठी. पण तुमच्या सव्वा लाखात जुनं रेलमास्टर मिळत असेल तर ते नक्की खोटं आहे.

थोडक्यात, शेडमध्ये वडिलांचं एचएमटी, बाहेर ओमेगा.

रेडियमवाली_वेणू

एक शंका. जुन्या घड्याळातलं रेडियम धोक्याचं असतं म्हणतात. लहान मुलं आहेत घरात.

चावी_रोज_सकाळी

वेणू, चांगला प्रश्न. अंधारात चमकणाऱ्या सगळ्यालाच आपण रेडियम म्हणतो, पण खरं रेडियम साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच होतं. त्यानंतर ट्रिटियम आलं. तेव्हा सहाच्या खाली ‘स्विस’च्या शेजारी इंग्रजी ‘टी’ छापायला लागले. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून आता ते मंद झालेलं असतं. रेडियमचं निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. मसाला चमकायचा थांबला म्हणजे आतलं रेडियम संपलं असं नाही. चमक देणारी पूड थकते, रेडियम तिथंच असतं.

बंद काचेआड असेल तर हातात घालण्याबद्दल फार कुणी घाबरत नाही. धोका ती पूड नाका-तोंडात जाण्याचा. म्हणून घरी झाकण-काच उघडायची नाही, काटे खरवडायचे नाहीत, मुलांच्या हातात फुटकं जुनं घड्याळ खेळायला द्यायचं नाही.

पंचगंगेकाठचा

सगळे डायलवर बोलतायत, कुणी पाण्यावर बोलेना. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात गावात किती घरं पाण्याखाली होती आठवतंय ना? त्यानंतर कोल्हापूर-सांगलीकडचं घड्याळ घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: पुरात होतं का?

आमच्या चुलत्यांचं एक कपाटात होतं. पाणी उतरल्यावर कुणीतरी तांदळाच्या डब्यात ठेवलं, मोबाईल ठेवतात तसं. वरून छान वाळलं. काही महिन्यांनी उघडलं तर आत लोखंडी भाग सगळे लालभडक, दांडा गंजून तुटायला आलेला. पाणी गेलेलं घड्याळ त्याच दिवशी उघडावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. घेताना झाकणाच्या आतल्या कडेला आणि चावीच्या दांड्यावर गंज बघा. आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलंय म्हणून रंकाळ्यात हात घालू नका. आतलं रबर साठ वर्षांपूर्वीचं आहे.

सीए_काकी

पैशाचं कुणीतरी बोलायलाच हवं. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, तुम्ही त्याच्या आत आहात, तरी पैसे बँकेतूनच द्या. साध्या कागदावर का होईना विक्रीची पावती घ्या: मशीनचा नंबर, केसचा नंबर, दोघांच्या सह्या. उद्या चोरीचा माल निघाला तर हाच कागद उपयोगी पडेल. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून भाव काढा, नाहीतर स्वस्त दिसलेलं दारात येईपर्यंत महाग होतं. १० लाखांच्या वरच्या घड्याळावर २०२५ पासून विक्रेत्यानं १ टक्का टीसीएस (घेणाऱ्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर) गोळा करायचा असतो. ते तुम्हाला लागू नाही. झुरिचच्या पावण्याला लागू होऊ शकतं.

झुरिचचा_पावणा

काकी, इथं भाडं भरून उरलं तर बघू.

तालमीतला

ते रोलेक्सचं कुणी बोलेना. सव्वा लाखात जुनं रोलेक्स बसतंय का?

गुजरी_कट्टा

बसत नाही. बसलं असं कुणी म्हणालं तर पट्टा काढून बघ. जुन्या रोलेक्सच्या केसवर १२ च्या बाजूला दोन कानांच्या मध्ये मॉडेलचा नंबर आणि ६ च्या बाजूला सिरियल असतो. खोट्यावर तो ॲसिडनं खाल्ल्यासारखा पुसट. हौस असेल तर जुनं ट्यूडर बघा, रोलेक्सच्याच मालकांनी काढलेलं. कितीतरी मॉडेलांना केस रोलेक्सची आणि मशीन बाहेरचं. पण तिथंही डायल रंगवायची साथ आहेच.

तालमीतला

म्हंजे यंदाची उसाची बिलं आली तरी नाही. बरं झालं, ती आलेलीच नाहीत.

सुभाषनगरचा_बूट

पट्ट्याबद्दल. बाबळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, आपल्या चपलेचं पातळ चामडं घेऊन मी घड्याळाला पट्टा शिवून घेतला. चप्पलवाल्या मामांनीच शिवला, वर बारीक वेणी पण घातली. सुरुवातीला कडक असतो, घामानं रंग गडद होत जातो आणि मग हातावर असा बसतो की काढवत नाही. पावसाळ्यात मात्र घालायचा नाही.

पेठेतला_बारका

गुपचूप ठेवा हे. पुढच्या वर्षी प्राडावाले मिलानमध्ये हाच पट्टा दाखवतील.

शिरगावकर_सीएनसी

मंडळी, कामाला लागलो होतो. आता ताजी खबर.

मुंबईवाल्याकडं आतला फोटो मागितला. आधी म्हणाला ‘सील बंद आहे, उघडलं तर गॅरंटी जाते.’ मी म्हटलं गॅरंटी तुम्ही देतच नाही, मग जाणार काय? शेवटी फोटो पाठवला. केसचा नंबर १६६ नं सुरू होतो. मशीन कॅलिबर ५६५. निळ्या डायलवर तारखेची खिडकीच नाही! आणि ‘स्विस मेड’ही नाही.

शाहूपुरीचं घेऊन लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या कारागिरांकडं गेलो, मालकाचा मुलगा बरोबर होता. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं. केस १३५. मशीन ६०१, सतरा ज्वेल, तांबूस रंग, सिरियल २ कोटींच्या घरातला. काट्यांत मसाला नाही, मधोमध काळी रेघ आहे आणि तशीच रेघ ठोकळ्यांतही. काचेच्या बरोबर मध्यात, तिरकं धरलं तर, ओमेगाचं बारीक चिन्ह दिसतं. गंज नाही. चाल मोजायच्या यंत्रावर ठेवलं तर ॲम्प्लिट्यूड (आतल्या चाकाचा झोका) १८० अंशांच्या आसपास, दिवसाला मिनिटभर मागं. काका म्हणाले तेल सुकलंय आणि मेन स्प्रिंग थकलीय, बाकी कुणी फार हात घातलेला नाही. सर्व्हिस, स्प्रिंग आणि काच मिळून दहा हजारांच्या आसपास जातील.

डागाचं काय करू? काका म्हणाले, रंगवून हवी असेल तर पाठवतो.

चावी_रोज_सकाळी

१६६ ची केस म्हणजे तारखेचं, ५६५ म्हणजे तारखेचं मशीन, आणि डायलला खिडकी नाही. आतमध्ये तारीख रोज रात्री बारा वाजता बदलतेय आणि ती बघायला कुणी नाही! मशीन चांगलं आहे हो, ५६५ म्हणजे ओमेगानं त्या काळात केलेल्या उत्तम ऑटोमॅटिकपैकी एक. पण हे घड्याळ ९५ चं नाही.

शाहूपुरीचं सगळं एकमेकांशी जुळतंय. केस, मशीन, काटे, ठोकळे. २ कोटींचा सिरियल म्हणजे १९६३ च्या आगेमागे. साधारण दशकाच्या सुरुवातीला १ कोटी ७० लाख आणि शेवटाला २ कोटी ८० लाख असा तो आकडा चढत गेलाय. ॲम्प्लिट्यूड सर्व्हिसनंतर २७० च्या वर यायला हवा. नाही आला तर काकांना सांगा, तेच सांगतील कुठं अडतंय. काकांना एवढंच सांगायचं: डायलला हात नको, केसला पॉलिश नको. काच बदलली तर जुनी काच परत मागून घ्या, ते चिन्ह त्या काचेचंच आहे. चीर वरवरची असेल तर घासूनही निघते, ॲक्रिलिक आहे ती.

मिरजेची_माई

मीसुद्धा हेच म्हणेन, डायल रंगवू नका. वडील असते तर त्यांनी रंगवून दिली असती. तुम्हाला वेळ नीट वाचता येतेय ना? मग राहू दे डाग.

जनता_आणि_पायलट

माईंनी रंगवणाऱ्यांची बाजू एवढी मांडली आणि शेवटी मत विरोधी पक्षाला. महाराष्ट्राचं राजकारण.

उद्यमनगरी

८० जास्त आहे. बंद पडणारं, सर्व्हिस न झालेलं, चिरलेली काच, डाग. ६० ला मागा, ६५ ला थांबा.

अडत_दुकान

नमस्कार. नवीन सदस्य आहे. ते घड्याळ आमचं.

मामेभावानं धाग्याची लिंक पाठवली. म्हटलं वाचावं आपल्याबद्दल काय चाललंय. उद्यमनगरी साहेब, भाव पाडायची एवढी घाई?

डागाचं सांगतो. बाबा हंगामात पहाटेपासून अडतीवर असायचे. घाम, गुळाची चिकटी, आणि हात धुताना घड्याळ काढायची सवय नाही. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला हेच हातात असायचं. पुरात नव्हतं, आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. ८० मी पुण्याच्या एका नातेवाइकानं नेटवर बघून सांगितलं म्हणून म्हणालो होतो. परवा कारागिरांकडं ते यंत्रावर पडलेलं बघितलं, मला पण कळलं. आई म्हणते पैसे कमी आले तरी चालतील, पण वितळवणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला द्यायचं नाही.

७० फायनल. सर्व्हिस तुमची.

तालमीतला

आलं का! मालक आलं! आता खरी कुस्ती.

उद्यमनगरी

अडत_दुकान, राग मानू नका, सवय आहे. ६६ आणि विषय संपवा.

अडत_दुकान

साहेब, घेणारे तुम्ही आहात का ते?

सीए_काकी

जे ठरेल ते बँकेतून. आणि पावतीवर दोन्ही नंबर.

शिरगावकर_सीएनसी

अडत_दुकान, व्यक्तिगत निरोप बघा. रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीत काकांच्या दुकानात भेटू, तिथंच कागद करू आणि घड्याळ थेट सर्व्हिसला देऊ. डायल तशीच राहील, आईंना सांगा.

उद्यमनगरी, तुम्ही नका येऊ. 🙏

अडत_दुकान

निरोप बघितला. चालेल. काका रविवारी दहानंतर उघडतात.

संपादक_मंडळ

खरेदी-विक्रीची बोली कृपया व्यक्तिगत निरोपातच करावी. धागा चालू ठेवत आहोत.

रेडियमवाली_वेणू

मग ती ५६५ ची निळी कितीला आली तर घ्यावी? सहज विचारतेय.

सुभाषनगरचा_बूट

शिरगावकर, दोन कानांमधलं अंतर मोजून टाका, १८ मिमी की १९? मामांना चामडं कापायला सांगतो.